दूरसंचार उद्योगातील सेवारत कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन पदवी शिक्षण : वेळेच्या प्रश्नाचा एक अभ्यास

सारांश :
दूरसंचार उद्योगातील तंत्रज्ञान एका पिढीच्या सेवाकाळातच अनेकदा बदलते. त्यामुळे या क्षेत्रातील कर्मचाऱ्यास नोकरी सांभाळून पदवी मिळविणे ही हौसेची बाब राहिलेली नाही. ऑनलाइन शिक्षणामुळे विद्यार्थी व विद्यापीठ यांच्यातील अंतराचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. तथापि, अभ्यासासाठी लागणारा वेळ कोणी द्यावयाचा, कर्मचाऱ्याने की मालकाने, हा प्रश्न तसाच आहे. अमेरिकेतील दूरसंचार कंपन्यांचे तीन प्रयोग आणि भारतातील नियमांची चौकट यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले असून, अभ्यासकेंद्रे चालविणाऱ्या महाविद्यालयांनी काय करावे याविषयी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : ऑनलाइन पदवी, दूरशिक्षण, दूरसंचार उद्योग, सेवारत विद्यार्थी, श्रेयांक, पूर्वानुभवाची मान्यता.

१. प्रस्तावना :

सन १९८५ च्या सुमारास एखादा तरुण दूरसंचार खात्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रुजू झाला असे मानू. त्याच्या नेमणुकीच्या वेळी एक्स्चेंजमध्ये यांत्रिक स्विचांचा खडखडाट चालू होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने विकसित केलेली डिजिटल एक्स्चेंजेस पुढे गावोगाव पोहोचली. १९९५ मध्ये देशात भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे रूपांतर भारत संचार निगम लिमिटेड या कंपनीत झाले. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा कायमची बंद झाली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये देशात ५-जी सेवेचा प्रारंभ झाला, तोपर्यंत हा कर्मचारी बहुधा सेवेतून बाहेर पडलेला असणार. कारण २०१९ मध्ये आलेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेचा लाभ घेऊन भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगमचे सुमारे १४ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी निवृत्त झाले. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ही योजना होती. त्यांत मुंबईतील कर्मचाऱ्यांची संख्याही मोठी होती.

या एका सेवाकाळात कर्मचाऱ्याचे हातातील कौशल्य किमान तीन वेळा कालबाह्य झाले. खात्याने वा कंपनीने त्याला वेळोवेळी प्रशिक्षण दिले. गाझियाबाद व जबलपूर येथील प्रशिक्षण संस्थांत जाऊन आलेले असंख्य कर्मचारी आजही भेटतात. परंतु प्रशिक्षण एका यंत्रापुरते असते आणि ते यंत्र गेले की त्याचे मोलही ओसरते. पदवीचे तसे नाही. ती नोकरी बदलली तरी बरोबर येते, पदोन्नतीच्या अर्जावर लिहिता येते आणि नवे यंत्र शिकण्याचा पाया घालते. म्हणूनच दूरसंचार क्षेत्रातील कर्मचारी पदवीच्या मागे लागतो, आणि नोकरी सोडता येत नसल्यामुळे तो दूरशिक्षणाकडे व आता ऑनलाइन शिक्षणाकडे वळतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) दूरसंचार क्षेत्रातील कामाचे स्वरूप आणि पदवी अभ्यासक्रमाच्या गरजा यांतील विसंगती स्पष्ट करणे.
(२) सेवारत कर्मचाऱ्यांच्या पदवी शिक्षणासाठी अमेरिकेतील दूरसंचार कंपन्यांनी अवलंबिलेल्या प्रारूपांची तुलना करणे.
(३) भारतातील ऑनलाइन पदवीविषयक नियमांचा सेवारत विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थ लावणे.
(४) महाविद्यालये व अभ्यासकेंद्रे यांच्यासाठी व्यवहार्य सूचना करणे.

हा अभ्यास वर्णनात्मक व तुलनात्मक स्वरूपाचा असून तो सर्वस्वी दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. दूरसंचार क्षेत्रातील कामाचे स्वरूप :

सेवारत विद्यार्थी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा ते साडेपाच या वेळेत काम करणारा कार्यालयीन कर्मचारी येतो. दूरसंचार क्षेत्रातील कर्मचारी या चित्रात बसत नाही. दूरध्वनीचे जाळे चोवीस तास चालू असावे लागते. जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात काम तीन पाळ्यांत चालते व पाळ्या आठवड्याआठवड्याने बदलतात. क्षेत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे वेळापत्रक तर निसर्ग आणि रस्तेखोदाई यांच्या हाती असते. कोठेतरी खोदकाम करणाऱ्या यंत्राने फायबर तोडली की जोडारी करणाऱ्याला तत्काळ निघावे लागते. पावसाळ्यात वीज गेली, टॉवरवरील बॅटरी उतरली, केबलच्या जोडात पाणी शिरले, असे प्रसंग रोजचेच. ग्राहकसेवा केंद्रातील कर्मचाऱ्यालाही रात्रपाळी चुकत नाही.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पूर्वी एक्स्चेंजमधील लाइनमनपासून अभियंत्यापर्यंत सर्वजण एकाच खात्याचे नोकर होते. आज टॉवर उभारणारी कंपनी वेगळी, त्याची देखभाल करणारा कंत्राटदार वेगळा आणि फायबर टाकणारा उपकंत्राटदार तिसराच. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यास १९७२ च्या रजा नियमांनुसार संपूर्ण सेवेत चोवीस महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते. कंत्राटी तंत्रज्ञाला अशी रजा ठाऊकच नसते. परीक्षेच्या दिवशीची सुटी हीच त्याच्या लेखी मोठी सवलत.

अशा कर्मचाऱ्यास ठरावीक वारी, ठरावीक वेळी वर्गात हजर राहणे अशक्यप्राय असते. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान रात्री दोन वाजता पाहता येणे हे त्याच्यासाठी खरेखुरे वरदान आहे. मात्र रात्री दोन वाजता पाहता येते, याचा अर्थ रात्री दोन वाजता पाहण्याइतके त्राण उरते, असा होत नाही.

४. नोकरी सांभाळून शिकण्याची परंपरा :

दूरसंचार कर्मचाऱ्यांनी नोकरी करता करता पदवी मिळविणे भारतात नवे नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियंत्यांच्या ‘आयईटीई’ या संस्थेची एएमआयईटीई ही परीक्षा कित्येक दशके याच कर्मचाऱ्यांचा आधार होती. वर्ग नाहीत, हजेरी नाही. पुस्तके मिळवायची, घरी अभ्यास करायचा आणि परीक्षा द्यायची. ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास केंद्र शासनाच्या नोकरीसाठी अभियांत्रिकी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाई. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच ही मान्यता पुढे चालू राहिली आणि त्यानंतर नव्याने येणाऱ्यांसाठी हा मार्ग आटला.

दुसरी परंपरा विद्यापीठांची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठात ते १९७१ मध्ये आले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे मुक्त विद्यापीठाचे ब्रीद महाराष्ट्रातील प्राध्यापकांस परिचित आहे. आपल्यापैकी अनेकांनी रविवारची संमंत्रण सत्रे घेतली आहेत. त्या वर्गांत जे विद्यार्थी नोंदणीला दिसतात आणि परीक्षेला दिसत नाहीत, त्यांच्या गैरहजेरीचे कारण आपण क्वचितच विचारले आहे. बुद्धी वा इच्छा कमी पडण्यापेक्षा वेळ कमी पडणे हेच त्यांतील बहुतेकांचे कारण असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५. अमेरिकेतील तीन प्रारूपे :

वेळेच्या प्रश्नाचे उत्तर किती भिन्न प्रकारांनी देता येते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील दूरसंचार उद्योगाचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे याच उद्योगाने तीस वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरे दिली.

(अ) वेळ कंपनीचा : सन १९९४ मध्ये न्यूयॉर्क व न्यू इंग्लंड भागांतील दूरध्वनी कंपनी नायनेक्स हिने हजारो नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. त्या पार्श्वभूमीवर कंपनी व कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका ही कामगार संघटना यांच्यात करार झाला. निवृत्तीच्या सवलतींबरोबरच त्यात शिक्षणाचे एक कलम होते. त्यातून ‘नेक्स्ट स्टेप’ ही योजना निघाली. तिच्यात निवडलेला तंत्रज्ञ आठवड्यातून एक दिवस कामाऐवजी महाविद्यालयात जाई आणि त्या दिवसाचे पूर्ण वेतन त्याला मिळे. शुल्क, पुस्तके व संगणक यांचा भार कंपनी उचले. अभ्यासक्रम दूरसंचार तंत्रज्ञानातील सहयोगी पदवीचा, म्हणजे तेथील दोन वर्षांच्या पदवीचा होता; आठवड्यातून एकच दिवस वर्ग असल्याने तो पूर्ण होण्यास दुपटीच्या आसपास काळ लागे. पुढे कंपनी विलीनीकरणांतून व्हेरायझनचा भाग झाली तरी योजना टिकली. हे शिक्षण प्रत्यक्ष वर्गातले होते. तथापि या लेखाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, अभ्यासाचा वेळ हा कामाच्या वेळेचाच भाग आहे, हे तत्त्व येथे लेखी करारात आले.

(आ) वेळ कर्मचाऱ्याचा, परंतु रचना त्याच्या सोयीची : ज्या भागात महाविद्यालय जवळ नाही, तेथील तंत्रज्ञाला एक दिवसाची सुटी देऊनही उपयोग नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही दूरसंचार कंपन्या, दोन कामगार संघटना आणि प्रौढांच्या अनुभवजन्य शिक्षणासाठी काम करणारी ‘केल’ ही संस्था यांनी मिळून ‘नॅक्टेल’ नावाची आघाडी उभारली. न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठाने या आघाडीसाठी दूरसंचारातील पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन स्वरूपात चालविले. ऑनलाइन पदवीकडे संशयाने पाहिले जाण्याच्या त्या काळात, उद्योग व संघटना दोघांनीही अभ्यासक्रमाच्या आखणीत भाग घेतल्यामुळे पदवीचे मोल नोकरीत मान्य होईल याची हमी आपोआप मिळाली. ठरावीक वेळी एकत्र येण्याचे बंधन नसल्याने पाळीतील कर्मचारी सामील होऊ शकले. पूर्वानुभवाला श्रेयांक देण्याची ‘केल’ची भूमिकाही येथे महत्त्वाची ठरते. जे काम तंत्रज्ञ दहा वर्षे करीत आला, ते त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवण्यात त्याचे आयुष्य खर्च करू नये, असा तिचा आशय आहे.

(इ) वेळ सर्वस्वी कर्मचाऱ्याचा : तिसरे प्रारूप एटी अँड टी या कंपनीचे. जॉर्जिया टेक या विद्यापीठाने युडॅसिटी या कंपनीच्या साहाय्याने संगणकशास्त्रातील ऑनलाइन पदव्युत्तर पदवी २०१३ मध्ये जाहीर केली व जानेवारी २०१४ मध्ये सुरू केली. एटी अँड टीने प्रारंभी २० लाख डॉलरचे साहाय्य दिले आणि आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हा मार्ग खुला झाला. संपूर्ण पदवीचे शुल्क सुमारे सात हजार डॉलर ठेवण्यात आले. प्रत्यक्ष वर्गातील अशा पदवीच्या तुलनेत हा खर्च फारच अल्प होता. पहिल्या तुकडीत चारशेहून कमी विद्यार्थी होते. आज या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

या प्रयोगाविषयी जोशुआ गुडमन, ज्युलिया मेल्कर्स व अमांडा पॅले या अभ्यासकांनी केलेले संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑनलाइन पदवी नसती तर हे विद्यार्थी अन्यत्र शिकले असते काय, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना प्रवेश थोडक्यात नाकारला गेला, त्यांतील फारच थोडे दुसऱ्या कोणत्या अभ्यासक्रमाकडे गेले, असे त्यांना आढळले. म्हणजेच ऑनलाइन पदवीने वर्गातील विद्यार्थी पळविले नाहीत. एरवी जे शिकलेच नसते त्यांना तिने शिकविले. वर्गातील अभ्यासक्रमास अर्ज करणाऱ्यांचे सरासरी वय चोविसाच्या आसपास, तर ऑनलाइन अभ्यासक्रमास अर्ज करणाऱ्यांचे चौतिसाच्या आसपास होते व त्यांतील बहुसंख्य नोकरीत होते. ऑनलाइन पदवीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळेल.

परंतु याच कंपनीच्या अनुभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कंपनीच्या तत्कालीन कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक लाख जण अशा कामांत होते, की ज्यांची गरज पुढील दशकात उरणार नाही, असा अंदाज होता. कर्मचाऱ्यांनी नवे शिकावे म्हणून कंपनीने शुल्कासाठी साहाय्य ठेवले; अभ्यास मात्र त्यांनी आपापल्या वेळेत करावयाचा होता. आठवड्याला पाच ते दहा तास ऑनलाइन शिक्षणास न देणारे कर्मचारी तंत्रज्ञानाबरोबर कालबाह्य होतील, अशा आशयाचे विधान कंपनीचे तत्कालीन प्रमुख रँडल स्टीफन्सन यांनी २०१६ मध्ये केले होते. १९९४ चा करार आणि २०१६ चे हे विधान शेजारी ठेवून पाहावे. उद्योग तोच. अभ्यासाचा दिवस मात्र कंपनीच्या वेळापत्रकातून निघून कर्मचाऱ्याच्या घरी गेला. ज्या ऑनलाइन माध्यमाने शिक्षण सर्वत्र नेले, त्याच माध्यमाने हे स्थलांतरही सोपे केले. जे कोठेही, केव्हाही शिकता येते, ते सुटीच्या दिवशीच का शिकू नये, असे मालकास वाटू लागते.

येथे हेही नमूद केले पाहिजे की पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. २०१५ च्या अखेरीस सुमारे २ लाख ८० हजारांवर असलेली या कंपनीची कर्मचारीसंख्या २०२३ च्या अखेरीस सुमारे दीड लाखावर आली. त्यातील काही घट कंपनीचे मोठे विभाग वेगळे झाल्यामुळे आहे, हे खरे. तरीही शिकलेल्या प्रत्येकास जागा राहिली, असे म्हणता येत नाही. अशा वेळी पदवीचा खरा उपयोग कर्मचाऱ्यास दुसरीकडे जाता येण्यात असतो.

६. भारतातील नियमांची चौकट :

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त व दूरस्थ तसेच ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये एकत्रित विनियम लागू केले. मान्यताप्राप्त संस्थेने या विनियमांनुसार दिलेली ऑनलाइन वा दूरस्थ पदवी ही प्रत्यक्ष वर्गातील पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. सेवारत विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे.

परंतु दूरसंचार कर्मचाऱ्यास जी पदवी सर्वांत हवी असते, ती या चौकटीत मिळत नाही. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई आहे. संगणक उपयोजन व व्यवस्थापन या विषयांस मात्र आवश्यक त्या मान्यतेने परवानगी मिळते. या मनाईमागे कटू अनुभव आहे. चार अभिमत विद्यापीठांनी रीतसर मान्यता नसताना दूरशिक्षणाने अभियांत्रिकी पदव्या दिल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षा देण्यास सांगितले व त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरविल्या. या पदवीधरांत नोकरी करता करता शिकलेले व त्या पदवीच्या बळावर बढती मिळालेले अनेकजण होते. दोष संस्थांचा, परिणाम मात्र ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला त्यांच्यावर झाला. प्रवेशापूर्वी मान्यतेची खातरजमा करणे किती आवश्यक आहे, याचा याहून मोठा धडा नाही.

दूरसंचारातील कर्मचाऱ्यापुढे आज मुख्यतः तीन मार्ग दिसतात. पहिला, संगणक उपयोजन, विज्ञान, वाणिज्य वा व्यवस्थापन यांतील मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीचा. जाळ्याचे व्यवस्थापन आता बहुतांशी संगणक प्रणालींद्वारे होत असल्याने संगणक विषयाची पदवी या क्षेत्रात उपयोगी पडते. दुसरा, आयआयटी मद्रासच्या बी. एस. अभ्यासक्रमांचा. २०२० मध्ये विदा-विज्ञानाचा व २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रणालींचा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. शिकवणे ऑनलाइन, परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष. इलेक्ट्रॉनिक प्रणालींच्या प्रयोगशाळांसाठी चेन्नईस जावे लागते. ही पदवी बी. टेक. नव्हे, हे विद्यार्थ्यास आधीच सांगितले पाहिजे. तिसरा मार्ग, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडील वर्षांत नोकरदारांसाठी मान्य केलेल्या लवचीक वेळेच्या अभियांत्रिकी वर्गांचा. यात पदवी अभियांत्रिकीचीच मिळते, परंतु कामाचे ठिकाण महाविद्यालयाच्या जवळ असावे लागते. अर्थात बदलीच्या नोकरीत व फिरतीवर असणाऱ्यांना तो दुर्लभ आहे.

७. तासांचा हिशेब :

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे अध्ययन असे मानले जाते. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरल्यास एकूण अध्ययन ३,६०० तासांचे होते. तीन वर्षांत आठवडे १५६. म्हणजे आठवड्याला सुमारे तेवीस तास. पूर्णवेळ विद्यार्थ्यास हे सहज शक्य आहे. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास नोकरी, येण्याजाण्याचा वेळ व घरची जबाबदारी असलेल्यास ते शक्य नाही. रोज सव्वातीन तास, तेही रविवार न सोडता, बदलत्या पाळीत आणि कित्येक वर्षे कोण देऊ शकेल?

मुक्त विद्यापीठांच्या पदव्यांना किमान कालावधीच्या दुप्पट काळ मिळतो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बी. सी. ए. ही पदवी तीन ते सहा वर्षांत पूर्ण करता येते. सहा वर्षे धरली तर आठवड्याचा भार सुमारे साडेअकरा तासांवर येतो. हा आकडा अवघड असला तरी अशक्य नाही. आता त्यात ‘नेक्स्ट स्टेप’चे तत्त्व मिळवून पाहू. मालकाने आठवड्यातील एक दिवस, म्हणजे आठ तास दिले, तर कर्मचाऱ्याने स्वतःचे साडेतीन तास दिले की पुरे. रोजचा अर्धा तास. ज्या शिक्षणाची फळे मालक व कर्मचारी दोघेही चाखणार, त्याचा भार दोघांत वाटला जाण्याचा हा साधा हिशेब आहे.

हिशेब हलका करण्याचा आणखी एक उपाय पूर्वानुभवाच्या मान्यतेत आहे. २०२१ पासून श्रेयांक संचयिका अस्तित्वात आली आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कौशल्य-प्रशिक्षण व अनुभव यांनाही श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. फायबर जोडणी, जाळ्याची देखभाल, विद्युत सुरक्षितता यांचे प्रशिक्षण व अनुभव असलेल्या तंत्रज्ञास या तरतुदींनुसार बारा श्रेयांक जरी मिळाले, तरी त्याचे ३६० तास वाचतात. सहा वर्षांच्या गतीने हा सात महिन्यांहून अधिक काळ होतो. तत्त्व कागदावर आहे. ते प्रवेशअर्जावर उतरविण्याचे काम विद्यापीठांचे आहे.

८. महाविद्यालये व प्राध्यापक यांच्यासाठी सूचना :

(१) प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या कामाच्या पाळ्या, साप्ताहिक सुटी व फिरतीचे स्वरूप यांची नोंद घ्यावी आणि त्याने पहिल्या सत्रात किती श्रेयांक घ्यावेत, याचा सल्ला तीवरून द्यावा. आरंभी सर्व विषय घेऊन दुसऱ्या सत्रात गळणाऱ्यापेक्षा, थोडे विषय घेऊन टिकणारा विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.

(२) निवडलेली संस्था व अभ्यासक्रम यांची मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यार्थ्यासमक्ष तपासावी. २०२४ पासून अशा प्रवेशांसाठी डीईबी ओळखक्रमांक आवश्यक झाला असून तो काढण्यास साहाय्य करावे.

(३) संमंत्रण सत्र रविवारी सकाळीच ठेवण्याचा प्रघात तपासून पाहावा. पाळीतील कर्मचाऱ्याचा रविवार अनेकदा बुधवारी येतो. एकच सत्र आठवड्यात दोन भिन्न वेळांना घेता आले नाही, तरी त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध करून देणे अवघड नाही.

(४) स्वाध्याय व प्रकल्प यांचे विषय विद्यार्थ्याच्या कामाशी जोडावेत. आपल्या विभागातील दोषांच्या नोंदींचे वर्गीकरण करणाऱ्या तंत्रज्ञास संख्याशास्त्र वेगळे शिकावे लागत नाही. तो ते करीतच असतो. कंपनीची गोपनीय माहिती मात्र प्रकल्पात येणार नाही, याची दक्षता घ्यावी.

(५) जिल्ह्यातील दूरसंचार कंपन्या, कंत्राटदार व कर्मचारी संघटना यांच्याशी महाविद्यालयाने बोलणी करावीत. आठवड्यातील पूर्ण दिवस मिळाला नाही, तरी परीक्षाकाळात रात्रपाळी न लावणे, परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा आणि सत्रभर एक स्थिर पाळी, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या तरी गळतीवर परिणाम होईल. प्राचार्यांच्या सहीचे पत्र एकट्या कर्मचाऱ्याच्या विनंतीपेक्षा अधिक वजनदार असते.

९. निष्कर्ष :

ऑनलाइन पदवीने शिक्षणाचे दार उघडले, हे निर्विवाद आहे. जॉर्जिया टेकच्या अनुभवाने दाखविल्याप्रमाणे, या दारातून आत आलेले विद्यार्थी दुसऱ्या कोणत्या दाराने आलेच नसते. तथापि उंबरठा ओलांडण्यासाठी लागणारा वेळ हा तंत्रज्ञान देत नाही. तो माणसांनी एकमेकांत वाटून घ्यावा लागतो. १९९४ च्या करारात तो कंपनीने दिला, ‘नॅक्टेल’च्या रचनेत विद्यापीठाने तो वाचविला, आणि त्यानंतरच्या प्रारूपात तो पूर्णपणे कर्मचाऱ्याकडून घेतला गेला. भारतातील सेवारत विद्यार्थी आज बहुतांशी या तिसऱ्याच स्थितीत आहे, आणि त्याच्या पाठीशी कंपनीचे शुल्कसाहाय्यही सहसा नसते.

दूरध्वनीच्या जाळ्याने ज्याने देश जोडला, त्याच कर्मचाऱ्याला त्या जाळ्यावरून चाललेले व्याख्यान ऐकायला सवड नसावी, ही आपल्या काळातील विसंगती आहे. ती दूर करणे एकट्या प्राध्यापकाच्या हातात नाही. परंतु नोंदवहीत ज्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा पडतो, तो विद्यार्थी त्या वेळी कोठे होता, एवढे विचारणे निश्चितच आपल्या हातात आहे. पुष्कळदा उत्तर असे मिळेल की तो कामावर होता आणि त्याच्यामुळेच इतरांचे वर्ग सुरळीत चालू होते.